हौशी आणि धंदेवाईक : चार्ल्स फ्राय ह्यांच्या चरित्रावरून एक पाठ

ह्या पाठाचा विषय खेळ हा आहे. मंडळीतील वडील माणसांस हा विषय पोरकट वाटेल, आणि तरुणांस तो फारच आवडेल. परंतु दोघांनीही तो शेवटपर्यंत वाचावा अशी आमची विनंती आहे, कारण त्यात जो प्रश्न दडला आहे तो मैदानापुरता नाही. तुंगारेश्वराच्या डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या चिंचोटीच्या आसपास, भात कापून शेते मोकळी झाली की मुले तेथे क्रिकेट मांडतात, आणि पावसाळ्याच्या चिखलात त्याच मुलांच्या पायांत फुटबॉल येतो. त्यांपैकी जो कोणी चांगला खेळतो त्यास दुसऱ्या गावचा संघ रोख बक्षिसाच्या सामन्यासाठी बोलावितो, जाण्यायेण्याचा खर्च देतो, आणि वर काही रक्कमही हातावर ठेवतो. मग घरात वाद सुरू होतो. बाप म्हणतो, "खेळ तो हौसेचा, पैसे घेतलेस की तो खेळ राहिला नाही." मुलगा म्हणतो, "मजुरीचे पैसे चालतात, तर घाम गाळून खेळल्याचे का चालू नयेत?" असल्या वादात उपदेशकांस किंवा शाळेतील गुरुजींस निवाडा विचारला जातो, आणि निवाडा देणे वाटते तितके सोपे नाही.

हा वाद नवाही नाही. इंग्लंड देशात तो शंभर वर्षांहून अधिक काळ चालला, आणि त्या देशाने तो ज्या रीतीने चालविला तीत आपण घेण्याजोगे व टाकण्याजोगे असे दोन्ही आहे. म्हणून ह्या पाठासाठी आम्ही चार्ल्स बर्जेस फ्राय ह्या इंग्रज गृहस्थांचे चरित्र घेतले आहे. हे फुटबॉल व क्रिकेट ह्या दोन्ही खेळांत आपल्या देशाकडून खेळले, आणि दोन्ही खेळांत अखेरपर्यंत हौशी म्हणूनच गणले गेले. त्यांच्या चरित्रानंतर आपण पुण्याच्या मैदानावर येऊ, आणि ज्यास हौशी होणे परवडणारेच नव्हते अशा एका मनुष्याकडे पाहू.

१. शब्दांचा अर्थ

हौशी खेळाडू म्हणजे जो खेळावरील प्रीतीमुळे खेळतो व खेळल्याबद्दल वेतन घेत नाही तो. धंदेवाईक खेळाडू म्हणजे जो वेतन घेतो तो. अर्थ इतका सरळ आहे. परंतु इंग्लंडात ह्या सरळ भेदावर एक उंच भिंत उभी राहिली. क्रिकेटमध्ये हौशी मनुष्यास 'जंटलमन' म्हणजे सद्गृहस्थ म्हणत, आणि वेतन घेणाऱ्यास नुसता 'प्लेअर' म्हणजे खेळणारा. १८०६ साली ह्या दोन वर्गांचा एकमेकांविरुद्ध पहिला सामना झाला, व पुढे तो एक मोठा वार्षिक सामना होऊन बसला. एरव्ही एकाच संघातून खेळणारे हे लोक कित्येक मैदानांवर वेगवेगळ्या खोल्यांत कपडे बदलीत आणि वेगवेगळ्या फाटकांतून मैदानात उतरत. छापील धावपत्रकात हौशी गृहस्थाची आद्याक्षरे आडनावापूर्वी येत व धंदेवाईकाची आडनावानंतर. कर्णधारपद बहुतकरून हौशी गृहस्थाकडेच असे, मग त्याच्याहून चांगला व अनुभवी खेळाडू संघात असला तरी चालत असे.

वाचकांनी येथे थोडे थांबावे. एकच खेळ, एकच संघ, एकच चेंडू. परंतु दार वेगळे आणि खोली वेगळी. असली व्यवस्था आमच्या वाचकांस फोड करून सांगावी लागत नाही. आपल्या आजापणज्यांनी पाणवठ्यावर व पंगतीत तिची चव घेतली आहे. फरक इतकाच की इंग्लंडातील ही भिंत जन्मजातीची म्हणवीत नसे, ती पैशाची होती. ज्याच्या घरी जमीनजुमला किंवा साठविलेले धन आहे तो उन्हाळ्याचे चार महिने मैदानावर फुकट घालवू शकत असे. विणकराच्या अथवा खाणमजुराच्या मुलास ते शक्य नव्हते. त्याने खेळायचे तर मजुरी घेतलीच पाहिजे; आणि मजुरी घेतली की तो 'सद्गृहस्थ' राहत नसे.

२. फ्राय ह्यांचे विद्यार्थिपण

फ्राय ह्यांचा जन्म २५ एप्रिल १८७२ रोजी लंडनजवळ क्रॉयडन येथे झाला. वडील सरकारी नोकर होते. घर खाऊनपिऊन सुखी होते, परंतु श्रीमंत नव्हते. ही गोष्ट पुढील कथेसाठी ध्यानात ठेवावी. रेप्टन येथील शाळेतून ते शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डच्या वॉडम कॉलेजात गेले. तेथे त्यांच्याबरोबर शिकणाऱ्यांत दोन नावे अशी आहेत की ती हिंदी लोकांस चांगली परिचित झाली. एक जॉन सायमन, ज्यांच्या नावाचे कमिशन १९२८ साली मुंबई बंदरात उतरले व ज्यास देशभर काळी निशाणे दाखविण्यात आली. आणि दुसरे एफ. ई. स्मिथ, जे पुढे लॉर्ड बर्कनहेड होऊन ते कमिशन नेमले गेले तेव्हा हिंदुस्थानचे स्टेट सेक्रेटरी होते. अशा बुद्धिमान सोबत्यांत फ्राय हे कोणाहून कमी मानले जात नसत.

ऑक्सफर्डकडून ते क्रिकेट खेळले, फुटबॉल खेळले, धावण्याच्या व उडीच्या शर्यतींत उतरले. १८९३ साली त्यांनी २३ फूट साडेसहा इंच लांब उडी मारून त्या वेळच्या जागतिक उच्चांकाशी बरोबरी केली. एका तरुणास देवाने इतक्या देणग्या एकदम द्याव्यात हे पाहून लोक थक्क होत.

परंतु त्याच वेळी दुसरी एक गोष्ट चालू होती, ती मैदानावरून दिसत नव्हती. ऐपतदार मित्रांच्या बरोबरीने राहावे म्हणून खर्च वाढला, आणि कर्ज झाले. कर्जाच्या काळजीने मन खचले. १८९५ साली शेवटची परीक्षा झाली तेव्हा ज्या विद्यार्थ्याकडून पहिल्या वर्गाची अपेक्षा होती तो चौथ्या वर्गात उतरला. सद्गृहस्थांच्या रांगेत उभे राहावयाचे, परंतु त्या रांगेचा खर्च पेलण्याइतके घरचे धन नाही, अशी त्यांची स्थिती विद्यार्थिदशेतच झाली, व ती जन्मभर सुटली नाही.

३. दोन्ही मैदानांवर

क्रिकेटमध्ये फ्राय हे ससेक्स परगण्याच्या संघातून खेळू लागले. ते जन्मसिद्ध फलंदाज होते असे कोणी समजू नये. आरंभी त्यांच्याजवळ फटके थोडे होते, आणि पाहणारे त्यांचा खेळ ताठर म्हणत. गोलंदाजीवर तर मोठेच संकट आले: १८९८ साली ते चेंडू टाकण्याऐवजी फेकतात असे ठरवून पंचांनी त्यांचा चेंडू अवैध दिला, आणि त्यांच्या गोलंदाजीचा भर पुढे ओसरला. दुसरा एखादा निराश झाला असता. फ्राय ह्यांनी आपल्या जवळ जे थोडे फटके होते तेच विचारपूर्वक घोटले, प्रत्येक चेंडूचा अभ्यास केला, आणि फलंदाजीत मन घातले. त्यांच्या जोडीला ससेक्सच्या संघात आपल्या काठेवाडातील रणजितसिंहजी होते. एकाच्या मनगटात जादू, तर दुसऱ्याच्या अंगी चिकाटी. अशी ही जोडी इंग्लंडभर गाजली, आणि त्या दोघांची मैत्री मरेपर्यंत टिकली. रणजितसिंहजींच्या नावाने १८९७ साली क्रिकेटवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच्या लेखनातही फ्राय ह्यांचा बराच हात होता.

१९०१ साल हे त्यांच्या आयुष्यातील सोन्याचे वर्ष. त्या एका हंगामात त्यांनी ३,१४७ धावा केल्या व १३ शतके काढली. त्यांपैकी सहा शतके ओळीने, एकामागून एक डावांत. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ह्या सहा शतकांची बरोबरी पुढे १९३८-३९ साली डॉन ब्रॅडमन ह्यांनी व १९७०-७१ साली माइक प्रॉक्टर ह्यांनी केली. त्याच १९०१ सालच्या मार्च महिन्यात फ्राय इंग्लंडच्या फुटबॉल संघातून आयर्लंडविरुद्ध खेळले, आणि इंग्लंडने तो सामना तीन गोलांनी जिंकला. पुढल्या वर्षी, १९०२ च्या एप्रिलात, साऊथॅम्प्टन संघाकडून बचावाच्या जागी ते इंग्लंडातील सर्वांत मानाच्या फुटबॉल चषकाच्या अंतिम सामन्यात उतरले. पहिल्या दिवशी शेफील्ड युनायटेडबरोबर एक-एक अशी बरोबरी झाली, व पुन्हा झालेल्या सामन्यात त्यांचा संघ दोन विरुद्ध एक असा हरला.

ह्या अंतिम सामन्याची एक बाजू आपल्या पाठासाठी महत्त्वाची आहे. साऊथॅम्प्टनच्या त्या संघातील सोबती वेतन घेणारे होते; फ्राय हौशी. त्या सुमारास इंग्लंडातील फुटबॉल संघटनेने असा कायदा केला होता की कोणाही फुटबॉल खेळाडूस आठवड्यास चार पौंडांहून अधिक वेतन मिळता कामा नये. ह्या मजुरीवर घर चालविणारी माणसे व फ्राय एकाच मैदानात, एकाच चिखलात, एकाच चेंडूमागे धावली. पायाला ठेच लागली तर रक्त सर्वांचे सारखेच निघत होते. अधिक-उणे मैदानाबाहेर होते.

क्रिकेटमध्ये इंग्लंडसाठी ते २६ कसोटी सामने खेळले. १९१२ साली, चाळिसाव्या वर्षी, ते सहा कसोटींत कर्णधार होते. त्यांपैकी चार इंग्लंडने जिंकल्या, दोन अनिर्णित राहिल्या, व एकही हरली नाही.

४. करिंथकरांचा संघ

फ्राय ज्या हौशी फुटबॉल संघातून खेळत त्याचे नाव 'करिंथियन' असे होते. हे नाव आमच्या वाचकांच्या कानांस ओळखीचे वाटेल. ज्या करिंथ शहरातील मंडळीस पौलाने पत्रे लिहिली त्याच शहरावरून ते आले आहे. मात्र इंग्रजी बोलीत 'करिंथियन' म्हणजे खेळाचा शौकीन, धनवान गृहस्थ असा अर्थ रूढ झाला होता. हा संघ १८८२ साली स्थापन झाला. बक्षिसाच्या वा चषकाच्या स्पर्धेत उतरावयाचे नाही असा त्यांचा आरंभीचा नियम होता. केवळ खेळासाठी खेळावयाचे. तथापि खेळात ते कच्चे नव्हते. १८९४ व १८९५ साली वेल्सविरुद्ध उतरलेला इंग्लंडचा सबंध संघ करिंथकरांचाच होता.

१८९१ साली फुटबॉलच्या नियमांत 'पेनल्टी'ची भर पडली. गोलाजवळ कोणी मुद्दाम आडदांडपणा केला तर विरुद्ध पक्षास एकट्या गोलरक्षकासमोर चेंडू मारण्याची संधी मिळावी, असा हा दंड. करिंथकरांस हा नियम अपमानकारक वाटला. सद्गृहस्थ जाणूनबुजून नियम मोडतो असे धरूनच हा दंड काढला आहे असे त्यांचे म्हणणे होते, आणि फ्राय ह्यांनीही ह्या नियमावर तिखट टीका केली. असे सांगतात की त्यांच्या विरुद्ध पेनल्टी दिली गेली तर त्यांचा गोलरक्षक बाजूस उभा राहून गोल होऊ देई. आणि त्यांना पेनल्टी मिळाली तर ते चेंडू मुद्दाम बाहेर मारीत.

ह्यात घेण्याजोगे काय आहे हे उघड आहे. दंडाच्या भीतीने नियम पाळणारा आणि नियमावरील प्रीतीने नियम पाळणारा ह्यांत मोठे अंतर आहे. आपल्याकडून अपराध झाला तर त्याचे फळ आडपडदा न ठेवता सोसावे, पंचाशी हुज्जत घालू नये, फुकटचा लाभ घेऊ नये, ही शिकवण थोर आहे. आपल्या तरुणांनी ती डोक्याशी बांधावी.

परंतु ह्यात टाकण्याजोगेही काही आहे, आणि ते ओळखावयास डोळा लागतो. 'आमच्यासारखे लोक नियम मोडीत नाहीत' ह्या वाक्यात 'आमच्यासारखे' ह्या शब्दावर जोर पडला की सद्गुणाचा गर्व होतो. जणू प्रामाणिकपणा हा खानदानी लोकांच्या घरचा माल आहे, आणि वेतन घेणारा मजूर तेवढा लबाडी करतो! वस्तुस्थिती तशी नव्हती. त्या काळचे सर्वांत नामांकित हौशी क्रिकेटपटू डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस ह्यांस १८९१-९२ सालच्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यासाठी तीन हजार पौंड मिळाले. ते 'खर्चासाठी' म्हणून दिले गेले, सबब ते हौशीच राहिले. एखादा धंदेवाईक जन्मभर खेळूनही इतके धन पाहत नसे. परंतु 'पैशासाठी खेळणारा' हे नाव मात्र त्यालाच लागे.

५. हौसेची किंमत

मग फ्राय ह्यांचा चरितार्थ कसा चालला? काही वर्षे त्यांनी चार्टरहाउस शाळेत शिक्षकाची नोकरी केली. पुढे वर्तमानपत्रांत खेळाविषयी लेख लिहू लागले, आणि १९०४ साली स्वतःच्या नावाचे मासिक काढले. म्हणजे खेळण्याबद्दल पैसे घ्यावयाचे नाहीत. परंतु आपण खेळतो ह्या कीर्तीवर लेख लिहून पैसे घ्यावयाचे, ह्यास हौशीपणाचा बाध येत नसे. १९०८ साली हॅम्बल नदीतील 'मर्क्युरी' नावाच्या जहाजावरील शाळा त्यांच्या हाती आली. ह्या शाळेत मुलांस आरमाराच्या नोकरीसाठी तयार करीत. ती त्यांनी १९५० पर्यंत चालविली. प्रत्यक्ष कारभार बहुतेक त्यांच्या पत्नी बिअट्रिस ह्या पाहत, आणि त्यांची शिस्त फार कडक होती.

इंग्लंडातील सर्वोत्तम फलंदाजांत गणले जाणारे हे गृहस्थ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर एकदाही गेले नाहीत. सहा-सहा महिने घरदार व कामधंदा सोडून वेतनाशिवाय परदेशी राहणे, ज्यास रोज पोटासाठी कमवावे लागते त्यास कठीण असते.

पुढील आयुष्य थोडक्यात सांगू. १९२२, १९२३ व १९२४ अशा तीन वर्षांत ते पार्लमेंटच्या निवडणुकीस उभे राहिले व तिन्ही वेळा हरले. नवानगरचे जामसाहेब झालेले त्यांचे मित्र रणजितसिंहजी जिनिव्हा येथे राष्ट्रसंघात हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून गेले, तेव्हा फ्राय त्यांचे मदतनीस होते व त्यांची भाषणे लिहून देत. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मनाच्या दुखण्याने त्यांस गाठले व ते कित्येक वर्षे आजारी होते. ह्याबद्दल त्यांची कीवच करावी. मनाचे दुखणे हा अपराध नव्हे. परंतु १९३४ साली जर्मनीस जाऊन त्यांनी हिटलरची भेट घेतली, आणि तेथील तरुणांची कवायत व शिस्त पाहून ते भारावून गेले, ही गोष्ट लपविण्याजोगी नाही. ज्याने मैदानावर लहानसा अन्यायही सहन केला नाही त्यास इतका मोठा अन्याय दिसला नाही. बळकट शरीर, उत्तम शिस्त व सरळ रांगा पाहून सत्य-असत्याची परीक्षा होत नसते. खेळात निष्णात असलेला मनुष्य सर्वच गोष्टींत शहाणा असतो असे मानणाऱ्या आपल्या काळातील तरुणांनी हे अवश्य लक्षात घ्यावे. फ्राय ७ सप्टेंबर १९५६ रोजी वारले.

६. पुण्याच्या मैदानावरील एक मजूर

फ्राय जन्मले त्यानंतर चार वर्षांनी, १८७६ साली, धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात पाळवणकर बाळू ह्यांचा जन्म झाला. वडील पलटणीत चाकरीस असल्यामुळे ते पुण्यास वाढले. ज्या सुमारास फ्राय ऑक्सफर्डमध्ये शिकत होते, त्या सुमारास बाळू पुण्याच्या मैदानावर झाडलोट करीत व खेळपट्टीवर रूळ फिरवीत होते. पहिल्याने पारशी लोकांच्या क्लबात दरमहा ३ रुपये, नंतर युरोपियनांच्या क्लबात दरमहा ४ रुपये असे त्यांचे वेतन होते. तेथील साहेब लोकांस, विशेषतः ग्रेग नावाच्या लष्करी अधिकाऱ्यास, सराव व्हावा म्हणून त्यांना तासन्‌तास गोलंदाजी करावयास लावीत. बॅट हाती घेणे ही साहेबांची चैन. चेंडू टाकणे हे नोकराचे काम. परंतु त्या कामातूनच त्यांचा डावा हात इतका तरबेज झाला की त्यास तोड राहिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघास साहेबांस हरवावयाचे होते, म्हणून त्यांनी बाळूंस संघात घेतले. मैदानावर चेंडू त्यांच्या हातून सर्वांच्या हाती जाई, आणि तेथे विटाळ होत नसे. चहाच्या वेळी मात्र इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पेल्यातून चहा घेत, आणि बाळूंस बाहेर, फेकून देण्याजोग्या मातीच्या भांड्यात चहा मिळे.

येथे दोन भिंती एकमेकींस मिळाल्या होत्या. साहेबांच्या दृष्टीने ते वेतनी नोकर; स्वकीयांच्या दृष्टीने ते अस्पृश्य. इंग्लंडातील गृहस्थांस जी 'केवळ खेळाची प्रीती' भूषण म्हणून मिरविता येत होती, ती बाळूंच्या अंगी कमी होती काय? परंतु त्यांना ती दाखविण्याचा एकच मार्ग मोकळा होता, आणि तो चार रुपयांच्या चाकरीतून जात होता.

त्या मार्गाने ते चालत राहिले. पुढे ते मुंबईस आले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघास १०९ धावांनी हरविले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडास गेला तेव्हा त्या दौऱ्यात त्यांनी ११४ गडी बाद केले. इतके करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस कधी मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांस, १९२३ साली. आणि त्यासाठी ह्या बंधूंस उघडपणे झगडावे लागले. बाळू १९५५ साली वारले. फ्राय ह्यांच्या व त्यांच्या मृत्यूत एका वर्षाचे अंतर आहे.

७. भिंत कशी पडली

इंग्लंडातील भिंतीचे काय झाले हेही सांगितले पाहिजे. १९५२ साली लेन हटन नावाच्या वेतनी खेळाडूस इंग्लंडचे कर्णधार केले गेले. विसाव्या शतकात असे प्रथमच घडले. १९६२ सालच्या अखेरीस क्रिकेटच्या चालकांनी हौशी व धंदेवाईक हा भेदच रद्द केला, आणि सर्वजण नुसते 'क्रिकेटपटू' झाले. फुटबॉलमध्ये तोच निर्णय १९७४ साली झाला. आकाश कोसळले नाही.

आपल्या देशातही दोन्ही खेळांत चमकलेला एक मोठा खेळाडू होऊन गेला, त्याचा उल्लेख येथे योग्य होईल. बंगालचे चुनी गोस्वामी हे १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधार होते. ते क्रिकेटमध्येही बंगालकडून रणजी चषकाच्या स्पर्धेत खेळले. ही स्पर्धा फ्राय ह्यांच्या मित्राच्या नावाने चालते. १९६८-६९ सालच्या अंतिम सामन्यात मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर, मुंबईच्या बलाढ्य संघाविरुद्ध, गोस्वामी ह्यांनी ९६ व ८४ धावा काढल्या. आणि १९७१-७२ साली ते पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत आले, तेव्हा बंगालचे कर्णधार होते. त्यांचा चरितार्थ बँकेतील नोकरीवर चालत असे. त्या पिढीतील कित्येक भारतीय खेळाडूंस बँका, रेल्वे व गिरण्या ह्यांनी नोकरी देऊन खेळू दिले, म्हणूनच गरिबाघरची मुले पुढे आली.

८. पौलाने हा प्रश्न कसा सोडविला

करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत, आणि जिंकणाऱ्यास पानांचा मुगूट मिळे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौलाने धावण्याचा व मुष्टियुद्धाचा दृष्टान्त घेतला आहे, तो सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच अध्यायाचा पूर्वभाग वेतनाविषयी आहे, हे आपण दोन्ही भाग एकत्र वाचीत नसल्यामुळे ध्यानात येत नाही. तेथे पौल म्हणतो की जो काम करतो त्याने त्या कामावर उपजीविका करावी हा त्याचा हक्क आहे; शिपाई, मळेकरी, मेंढपाळ, एवढेच नव्हे तर मळणीचा बैलही त्यास अपवाद नाही. आणि मग तो सांगतो की हा हक्क आपण स्वतः बजाविला नाही. ह्याच शहरात तो अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांच्या घरी राहून तंबू शिवीत असे.

म्हणजे पौलास हौशी म्हणावे काय? म्हणावयाचे तर म्हणावे; परंतु त्याच्यात व 'जंटलमन' वर्गात एक मोठा भेद आहे. त्याने वेतन सोडले, पण वेतन घेणाऱ्यास खाली बसविले नाही. उलट दुसऱ्यांच्या वेतनाच्या हक्कासाठी तो स्वतःच भांडला. आणि त्याने वेतन सोडले ते बापाच्या इस्टेटीच्या जोरावर नव्हे, तर हाताला सुईचे घट्टे पाडून.

आमच्या उपदेशक बंधूंनी हे मनावर घ्यावे. 'तुम्ही पगारी, पगारासाठी बोलता,' असे टोमणे गावात त्यांस ऐकावे लागतात, आणि कधीकधी मंडळीतील एखादा सुखवस्तू मनुष्य, जो बिनपगारी सेवा करतो, तोही असे बोलतो. बिनपगारी सेवा आदरास पात्र आहे. परंतु पगार घेणे हा कमीपणा नव्हे. पगारापुरतेच काम करणे हा कमीपणा आहे. आणि तो दोष बिनपगारी मनुष्यासही चिकटतो, जेव्हा तो मानापुरतेच काम करतो.

९. तात्पर्य

आता मुलाच्या व बापाच्या वादाकडे वळू. आमचा निवाडा असा आहे.

पहिले, खेळल्याबद्दल पैसे घेण्यात पाप नाही. मुलाने ते उघडपणे घ्यावे, घरी सांगावे, आणि त्यांचा हिशेब मजुरीच्या पैशासारखाच ठेवावा. 'खर्च' म्हणून घेऊन 'मी हौशी' असे मिरवू नये.

दुसरे, वेतन वेगळे व लाच वेगळी. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाचे कर्णधार हान्सी क्रोनिए हे धर्मशील म्हणून प्रसिद्ध होते व त्यांस खेळाचे चांगले वेतन मिळत होते. तरी सट्टेबाजांकडून त्यांनी पैसे घेतले. ते २००० साली उघडकीस आले, आणि त्यांस जन्मभरासाठी क्रिकेटमधून घालविण्यात आले. त्यांना वेतनाने बुडविले नाही. जे अंधारात घेतले त्याने बुडविले. आपल्या लहान मैदानांवरही सामन्यावर पैसे लावणारे असतात. त्यांच्या सावलीसही उभे राहू नये.

तिसरे, करिंथकरांचा स्वच्छ खेळ घ्यावा व त्यांचा गर्व टाकावा. बाद झाल्यास निमूटपणे परत यावे. पंच कोणत्याही पाड्यावरचा असो, त्याचा शब्द अखेरचा मानावा.

चौथे, खेळामागे शाळा व हातातील काम सोडू नये. फ्राय ह्यांच्यासारख्या अलौकिक खेळाडूसही पोटासाठी दुसरे काम करावे लागले. सामन्यासाठी नेणारे लोक पाय बळकट आहेत तोपर्यंतच येतात.

पाचवे, आणि हे वडील माणसांसाठी आहे. सामना संपल्यावर सर्व मुलांस एकाच रांगेत, एकाच प्रकारच्या पेल्यातून चहा पाजावा. मग कोणी आदिवासी पाड्यावरचा असो, कोणी आगरी, कोणी कोळी, कोणी आपल्या मंडळीतला. बाळूंस मातीच्या भांड्यात चहा देणाऱ्यांस त्यांची गोलंदाजी हवी होती, त्यांची सोबत नको होती. ज्यास खेळास बोलाविले त्यास पंगतीसही बोलावावे.

विचारार्थ प्रश्न

(उपदेशकांनी व शिक्षकांनी हे तरुणांच्या वर्गात विचारावेत.)

१. हौशी व धंदेवाईक ह्या शब्दांचा मूळ अर्थ काय? त्यावर भिंत कशी उभी राहिली?

२. फ्राय ह्यांस हौशी राहण्यासाठी काय काय सोसावे लागले?

३. पेनल्टीविषयी करिंथकरांच्या मतात चांगले काय व वाईट काय?

४. बाळू ह्यांच्यापुढे कोणत्या दोन भिंती होत्या? त्यांपैकी आपल्या गावात आज कोणती शिल्लक आहे?

५. करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय नववा, आरंभापासून अखेरपर्यंत एका बैठकीत वाचावा. वेतनाचा हक्क आणि धावण्याचा दृष्टान्त ह्यांचा परस्परांशी संबंध काय?